वळणावरची मोटारसायकल

दिल्लीच्या आग्नेयेस, उत्तर प्रदेशातील गौतमबुद्धनगर जिल्ह्यात, ग्रेटर नोएडाजवळ बुद्ध आंतरराष्ट्रीय शर्यतमार्ग आहे. मोटारींच्या ‘फॉर्म्युला वन’ शर्यतीसाठी तो २०११ साली बांधून पूर्ण झाला. पुढे २४ सप्टेंबर २०२३ रोजी याच मार्गावर मोटारसायकलींच्या जागतिक अजिंक्यपद मालिकेतील ‘मोटोजीपी’ शर्यत भारतात प्रथमच भरली. उष्मा इतका होता की, शर्यतीच्या २४ फेऱ्या कमी करून २१ कराव्या लागल्या. इटलीचा मार्को बेझेक्की हा विजयी ठरला.

त्या दिवशी प्रेक्षकांचे लक्ष सरळ भागांपेक्षा वळणांकडेच अधिक लागले असल्यास नवल नाही. वळण येताच स्वार आसनावरून एका बाजूस सरकतो, मोटारसायकल जवळजवळ आडवी होते आणि स्वाराचा गुडघा जमिनीस घासत जातो. तरीही वाहन पडत नाही. हे दृश्य पाहणाऱ्या तरुणास त्याचे अनुकरण करण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु गुडघा टेकल्यामुळे वाहन वळते किंवा तो टेकल्यामुळे ते सावरले जाते, ही समजूत चुकीची आहे. गुडघा टेकणे हे वळण्याचे कारण नसून परिणाम आहे. या गोष्टीची उकल न्यूटनच्या नियमांच्या साहाय्याने कशी होते, ते या पाठात पाहावयाचे आहे.

वाहन का झुकते?

गतिमान वस्तू स्वभावतः सरळ रेषेत जाऊ पाहते. तिला वळवावयाचे असेल तर वळणाच्या केंद्राच्या दिशेने तिच्यावर बल लावावे लागते. यास अभिकेंद्री बल म्हणतात. दोरीस बांधून गरगर फिरविलेल्या दगडावर हे बल दोरी लावते. मोटारसायकलीस दोरी नसते. तिच्यावर हे बल लावणारी एकच गोष्ट असते. ती म्हणजे टायर व रस्ता यांमधील घर्षण.

हे घर्षण टायरच्या तळाशी, म्हणजे जमिनीच्या पातळीवर लागते. वाहन व स्वार यांचा एकत्रित गुरुत्वमध्य मात्र जमिनीपासून बराच वर असतो. वाहन उभेच ठेवून वळविण्याचा प्रयत्न केला, तर तळ आत ओढला जाईल, वरचा भाग सरळ पुढे जाऊ पाहील आणि वाहन वळणाच्या बाहेरील बाजूस कलंडेल. मोटारीची चार चाके एकमेकांपासून दूर असल्याने ती हा कल सहन करते. दोन चाकांच्या वाहनास तो आधार नाही. म्हणून ते आधीच आतील बाजूस झुकवावे लागते. झुकल्यामुळे वजन त्यास आत पाडू पाहते व वळण्याची क्रिया त्यास बाहेर पाडू पाहते. या दोहोंचा तोल जेथे साधतो, तो झुकण्याचा योग्य कोन होय.

या कोनाचे गणित सोपे आहे. वेगाचा वर्ग करावा. वळणाच्या त्रिज्येस गुरुत्वत्वरणाने, म्हणजे ९.८ ने गुणावे. पहिल्या संख्येस दुसरीने भागले असता झुकाव-कोनाची स्पर्शज्या (टॅन) मिळते. येथे वेग मीटर प्रतिसेकंद व त्रिज्या मीटरमध्ये घ्यावयाची असते.

उदाहरणार्थ, ५० मीटर त्रिज्येचे वळण घेऊ. ताशी ३६ किलोमीटर वेगाने ते घेताना सुमारे ११ ते १२ अंश झुकावे लागते. ५४ किलोमीटरला सुमारे २५ अंश. ७२ किलोमीटरला ३९ अंश. आणि ९० किलोमीटरला ५२ अंश. वजन या सूत्रात कोठेही येत नाही. स्वार स्थूल असो वा सडपातळ, वेग व वळण तेच असतील तर कोनही तोच राहतो. उलट वेगाचा परिणाम मात्र वर्गाच्या प्रमाणात होतो. वेग दुप्पट झाला की लागणारे अभिकेंद्री बल चौपट होते.

उजवीकडे वळण्यासाठी डावीकडे

वाहन झुकविण्याची युक्ती ऐकणाऱ्यास प्रथम चमत्कारिक वाटते. उजवीकडे वळावयाचे असल्यास हँडलची उजवी मूठ पुढे ढकलावी लागते. त्यामुळे पुढचे चाक क्षणभर डावीकडे वळते. तळ डावीकडे सरकतो, गुरुत्वमध्य उजवीकडे राहतो आणि वाहन उजवीकडे झुकते. त्यानंतर चाक आपोआप वळणाच्या दिशेस येते. या क्रियेस प्रतिवळण म्हणता येईल.

विमानाचा शोध लावणारे राइट बंधू सायकली बनविण्याचा व दुरुस्त करण्याचा व्यवसाय करीत. त्यांपैकी विल्बर राइट यांनी अनेक सायकलस्वारांना ते कसे वळतात, असे विचारून पाहिले होते. सायकल उत्तम चालविणाऱ्यांनाही आपण प्रथम उलट दिशेस हँडल वळवितो, याची जाणीव नव्हती. हात जे रोज करतात ते मनास ठाऊक नसते, याचा हा नमुनाच होय.

कीथ कोड या अमेरिकी शिक्षकाने तर एक विशेष मोटारसायकल बनविली. तिच्या सांगाड्यास हँडलची दुसरी, न वळणारी जोडी घट्ट बसविली होती. केवळ शरीर एका बाजूस टाकून वाहन वळते असे मानणाऱ्या स्वारांना त्या अचल मुठी धरून चालविण्यास सांगण्यात येई. वाहन थोडेसे कलत असे, पण नेमक्या जागी, नेमके वळण घेणे काही साधत नसे.

शाळेच्या पटांगणावर हा प्रयोग सायकलवर करता येतो. सायकलची चाके पाण्याने भिजवून कोरड्या सिमेंटवरून मध्यम वेगाने न्यावी व उजवीकडे वळावे. उमटलेले माग नीट पाहिल्यास, वळणापूर्वी पुढच्या चाकाचा माग किंचित डावीकडे गेलेला आढळतो.

गुडघ्याचे काम

जुन्या काळचे शर्यतस्वार टाकीस गुडघे चिकटवून, वाहनाच्या रेषेतच बसत. १९७० च्या दशकात ही पद्धत बदलली. फिनलंडचा यार्नो सारिनेन हा बर्फावरील शर्यतींत तयार झालेला स्वार वळणावर आसनावरून आत सरकून बसे. १९७२ साली तो २५० सीसी गटाचा जगज्जेता झाला. १९७३ साली मोंझा येथील शर्यतीत अपघाताने त्याचा अंत झाला. अमेरिकेच्या केनी रॉबर्ट्सने ही बैठक पुढे नेली व गुडघा जमिनीस लावण्याची पद्धत रूढ केली. १९७८, १९७९ व १९८० अशी सलग तीन वर्षे तो ५०० सीसी गटाचा जगज्जेता होता.

या बैठकीचा हेतू दिखाऊपणाचा नव्हता. तोल साधण्यासाठी जो कोन लागतो तो वाहन व स्वार यांच्या एकत्रित गुरुत्वमध्याचा असतो. स्वाराने आपले शरीर आतील बाजूस नेले की हा गुरुत्वमध्यही आत जातो. मग त्याच वेगासाठी खुद्द वाहनास काही अंश कमी झुकावे लागते. वाहन कमी झुकले की फूटरेस्ट वा एक्झॉस्ट रस्त्यास घासत नाही आणि टायरच्या अगदी कडेवर भार येत नाही. रुंद टायरच्या वाहनास या बचतीची गरज अधिक असते. कारण झुकताना टायरचा जमिनीस लागणारा भाग आतील बाजूस सरकतो व त्यामुळे वाहनास सूत्रातील कोनापेक्षा काही अंश अधिकच झुकावे लागते.

अशा बैठकीत बाहेर काढलेला गुडघा मोजपट्टीचे काम करतो. तो जमिनीस लागला की आपण किती झुकलो आहोत, हे स्वारास नजर न हलविता कळते. गुडघ्यावर प्लास्टिकची घासपट्टी बसविलेली असते. ती जमिनीस केवळ स्पर्श करते, भार घेत नाही. कोणत्या कोनात गुडघा टेकेल हे स्वाराची उंची, त्याची बैठक व वाहन यांवर अवलंबून असते. बहुधा तो ४५ अंशांच्या आसपास असतो. आजचे अव्वल स्वार ६० अंशांहूनही अधिक झुकतात आणि त्यांचा कोपरही जमिनीस लागतो. ते शक्य होते ते विशेष रबराच्या, आधीच तापविलेल्या टायरांमुळे.

शिकण्याचा क्रम

हे कौशल्य बंदिस्त शर्यतमार्गावर, जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली शिकावयाचे असते. अंगावर चामड्याचा एकसंध पोशाख, हेल्मेट, हातमोजे, बूट व पाठीचे कवच असावेच लागते. पहिल्या फेऱ्या सावकाश घेऊन टायर तापू द्यावयाचे असतात. पुढील क्रम ठरलेला आहे.

वळण येण्यापूर्वी, वाहन सरळ असतानाच, स्वार आसनावरून अर्धा आत सरकतो. बाहेरील मांडी टाकीस घट्ट लावून तो स्वतःस धरून ठेवतो. त्यामुळे हात सैल राहतात. ब्रेकचे मुख्य काम तो झुकण्यापूर्वीच उरकतो. मग मान वळवून वळणाच्या आतील कडेकडे व तेथून बाहेर पडण्याच्या जागेकडे पाहतो. कारण नजर जेथे खिळते तेथेच वाहन जाते. घाबरून कठड्याकडे पाहणारा बहुधा कठड्यावरच जातो. यानंतर एकदाच, निश्चयाने मूठ ढकलून तो वाहन झुकवितो आणि ॲक्सिलरेटर हळूहळू, एकसारखा उघडीत जातो.

हे सर्व बिनचूक होऊ लागले आणि वेग थोडाथोडा वाढला की एके दिवशी गुडघा आपणहून टेकतो. जो तो खाली नेण्यासाठी धडपडतो त्याचे शरीर वेडेवाकडे होते, हात ताठरतात आणि हँडलवर नको तो दाब पडतो.

घर्षणाची शिल्लक

टायरजवळ घर्षणाची ठरावीक पुंजी असते. वळणे, ब्रेक लावणे व वेग वाढविणे हे तिन्ही खर्च तिच्यातूनच भागवावे लागतात. स्वच्छ, कोरड्या डांबरी रस्त्यावर घर्षणांक ०.८ धरला, तर सूत्राप्रमाणे झुकण्याची मर्यादा सुमारे ३९ अंश येते. या रस्त्यावर ३० अंश झुकलेल्या स्वाराजवळ ब्रेकसाठी सरळ रस्त्याच्या मानाने अजून सात-दशांश घर्षण शिल्लक असते. ३८ अंश झुकलेल्या स्वाराजवळ मात्र जेमतेम एक-पंचमांश उरते. कोनात फरक केवळ ८ अंशांचा. पण पहिला स्वार अचानक पुढे आलेली गाय पाहून वेग आवरू शकतो, तर दुसऱ्याने जोरात ब्रेक दाबला की टायर घसरते.

घर्षणांक हाही स्थिर नसतो. ५० मीटर त्रिज्येच्या त्याच वळणावर तो ०.८ असता वेगाची मर्यादा ताशी सुमारे ७१ किलोमीटर येते. पावसाने तो ०.४ वर आला की मर्यादा ५० किलोमीटरवर उतरते. पसरलेल्या वाळूमुळे तो ०.२ झाला तर ३५-३६ किलोमीटर एवढीच उरते.

शर्यतमार्गाचा पृष्ठभाग स्वच्छ ठेवलेला असतो. तेथे समोरून वाहन येत नाही, तेच वळण पुन्हापुन्हा येते, आणि घसरलेल्या स्वारास थांबण्यासाठी बाहेर मोकळी जागा असते. दिल्ली, गुरुग्राम वा नोएडाच्या रस्त्यावर यांपैकी काहीच नसते. बांधकामाची वाळू, ट्रकमधून सांडलेले तेल, हिवाळ्यातील दाट धुके, उलट दिशेने आलेले वाहन यांतील काय वळणापलीकडे आहे, हे स्वारास दिसत नाही. शिवाय आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात. उजव्या वळणावर मध्यरेषेजवळून ४५ अंश झुकणाऱ्याची चाके आपल्या बाजूस असली, तरी त्याचे डोके चाकांच्या सुमारे १ मीटर उजवीकडे, म्हणजे समोरच्या वाहनाच्या वाटेत असते.

म्हणून सार्वजनिक रस्त्यावर गुडघा टेकविणे हे कौशल्याचे लक्षण मानता येत नाही; शिल्लक संपल्याची ती खूण होय. रस्त्यावर उपयोगी पडतात ते त्याच विद्येचे इतर धडे: वेग वळणाआधी कमी करावा, नजर पुढे ठेवावी, हात सैल ठेवावेत, मूठ हळुवारपणे पण निश्चयाने ढकलावी, आणि अदृश्य अडथळ्यासाठी घर्षणाचा मोठा भाग राखून ठेवावा. शर्यतमार्गावर शिकलेला सुजाण स्वार रस्त्यावर अधिक सावकाश चालतो, याचे कारण हेच की, त्यास हा हिशेब ठाऊक झालेला असतो.

अभ्यासासाठी

१. १०० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणारे वाहन किती अंश झुकेल?

२. वरील वळणावर घर्षणांक ०.४ असल्यास वेगाची मर्यादा किती येईल?

३. स्वारामागे एक माणूस बसल्याने झुकण्याचा कोन बदलेल काय? सकारण सांगा.