चुंबकाने मेंदूच्या गाठीपर्यंत औषध पोहोचते का?

गेल्या पौर्णिमेला विहारातील आरोग्य-चर्चेनंतर एका भगिनीने आम्हाला थांबवले. त्यांच्या भावाला दोनदा फीट आली होती. डोक्याचा फोटो काढा, असे डॉक्टरांनी सांगितले होते. पण घरी एक विक्रेता येऊन गेला होता. परदेशात चुंबकाने मेंदूची गाठ विरघळवतात, तुम्ही ही चुंबकाची गादी घ्या, असे त्याचे म्हणणे. किंमत ऐकून त्या घाबरल्या होत्या, तरी मनात आशा होती. "खरं काय समजायचं?" असे त्यांनी विचारले. हा प्रश्न अनेकांचा असेल, म्हणून यावेळचे पान त्याच विषयावर.

आधी अडचण समजून घेऊ. शरीरात इतरत्र औषध रक्तातून सहज पसरते. मेंदूचे तसे नाही. मेंदूतील केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की, रक्तातील बहुतेक पदार्थ पलीकडे जाऊच शकत नाहीत. बांधीच्या पक्क्या बांधातून पाणी झिरपत नाही, तसे समजा. जर्मन शास्त्रज्ञ पाउल एर्लिख यांनी 1885 च्या सुमारास प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला, तेव्हा सगळे अवयव रंगले, मेंदू मात्र कोरा राहिला. 1913 मध्ये त्यांचे शिष्य गोल्डमान यांनी उलट प्रयोग केला. रंग मेंदूभोवतीच्या द्रवात सोडला, तर मेंदू रंगला आणि बाकीचे शरीर कोरे राहिले. मधे भिंत आहे, हे यातून दिसले. ही भिंत विषापासून मेंदूचे रक्षण करते, पण कर्करोगाची बहुतेक औषधेही तीच अडवते. औषधाची मात्रा वाढवावी, तर शरीराच्या बाकी भागाला त्रास होतो.

म्हणून शास्त्रज्ञांनी विचार केला की, औषध बंद डबीत पाठवावे आणि डबी गाठीपाशीच उघडावी. इथे चुंबक येतो. आपल्या जिल्ह्यातील राईस मिलमध्ये धानात आलेला खिळा किंवा तारेचा तुकडा चुंबक ओढून घेतो, हे आपण पाहिले आहे. या संशोधनात लोखंडाच्या ऑक्साइडचे अतिशय बारीक कण वापरतात. त्यांना नॅनोकण म्हणतात. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. हे कण साधारण दहा-वीस नॅनोमीटरचे असतात. आपला केस त्यांच्या हजारो पट जाड असतो.

हे कण आणि औषध स्निग्ध पदार्थाच्या सूक्ष्म पिशवीत भरतात. मग बाहेरून असे चुंबकीय क्षेत्र लावतात, ज्याची दिशा सेकंदाला लाखभर वेळा बदलते. त्यामुळे कण तापतात. हिवाळ्यात थिजलेले खोबरेल तेल थोड्या उबेने वितळते, तशी ही पिशवी 41 ते 43 अंशांना सैल होते आणि औषध बाहेर पडते. शरीराचे नेहमीचे तापमान 37 अंश असल्याने एरवी ती बरीचशी बंद राहते.

हे काम आपल्या महाराष्ट्रातही झाले आहे. आयआयटी मुंबईतील धीरेंद्र बहादूर, रिंती बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मन शास्त्रज्ञांसोबत अशा पिशव्या तयार केल्या. त्यांत डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगाचे औषध होते. 2010 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. उष्णता आणि औषध एकत्र दिल्यावर कर्करोगाच्या पेशींवर जास्त परिणाम झाला. मात्र त्या पेशी प्रयोगशाळेत वाढवलेल्या होत्या, आणि मेंदूच्या गाठीच्या नव्हत्या.

माणसांवर काय झाले? बर्लिनमध्ये 59 रुग्णांवर उपचार झाले आणि 2011 मध्ये त्याचा अहवाल आला. ग्लिओब्लास्टोमा ही मेंदूची अत्यंत आक्रमक गाठ त्यांना पुन्हा उद्भवली होती. लोहकण सुईने थेट गाठीत सोडले, चुंबकीय क्षेत्राने ते तापवले आणि सोबत किरणोपचार दिले. यात कणांसोबत औषध नव्हते, फक्त उष्णता होती. गाठ पुन्हा आल्याचे कळल्यापासून निम्मे रुग्ण सुमारे 13 महिन्यांहून अधिक जगले. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे फायदा नेमका किती, हे ठामपणे सांगता येत नाही. शिवाय दातांतील धातूचे भराव काढावे लागत, आणि कण मेंदूत राहिल्याने नंतर त्या भागाचा एमआरआय नीट दिसत नसे.

आणखीही अडथळे आहेत. चुंबकाची ओढ अंतराबरोबर झपाट्याने कमी होते, म्हणून खोलवरच्या गाठीकडे कण खेचणे कठीण जाते. रक्तात सोडलेले बरेच कण यकृत आणि प्लीहा पकडून ठेवतात. म्हणून चुंबकाने औषध सोडणे ही आज संशोधनाची वाट आहे, रुग्णालयातला नेहमीचा उपचार नाही. गादीतल्या किंवा कड्यातल्या चुंबकाचा तर याच्याशी संबंधच नाही. तिथे ना कण, ना औषध, ना वेगाने बदलणारे क्षेत्र. अशा गादीने गाठ विरघळत नाही, फक्त घरातले पैसे जातात. त्याहून मोठे नुकसान म्हणजे वेळ जातो.

वेळ का महत्त्वाचा? मेंदूच्या सगळ्या गाठी कर्करोगाच्या नसतात. अनेक साध्या गाठी शस्त्रक्रियेने पूर्ण निघतात. ग्लिओब्लास्टोमासारख्या गाठीतही शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि टेमोझोलोमाइड ही गोळी यांचा उपयोग होतो. 2005 च्या मोठ्या अभ्यासात फक्त किरणोपचार घेणाऱ्यांपैकी दोन वर्षांनी शंभरात सुमारे 10 जण हयात होते, गोळीही घेणाऱ्यांपैकी 26. हा फरक लहान वाटेल, पण त्या घरांना विचारा.

पुढील लक्षणे दिसली तर डॉक्टरांना दाखवा: सकाळी उठताच वाढणारी डोकेदुखी आणि उलटी, मोठ्या वयात पहिल्यांदाच आलेली फीट, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, नजर कमी होणे, स्वभाव अचानक बदलणे. प्रत्येक डोकेदुखी म्हणजे गाठ नव्हे, पण तपासणी हवीच. फीट आली असता कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, तोंडात काही घालू नका, माणसाला कुशीवर वळवा. ही करणी नाही, बाहेरची बाधाही नाही. हा मेंदूचा आजार आहे.

सुरुवात गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून करा. पुढे नागपूरच्या शासकीय सुपर स्पेशालिटी रुग्णालयात मेंदूची शस्त्रक्रिया होते. मुंबईच्या टाटा रुग्णालयात जावे लागले, तर गोंदियाहूनच सुटणारी विदर्भ एक्स्प्रेस आहे, आणि कर्करोगाच्या रुग्णाला रेल्वे भाड्यात सवलत मिळते. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेविषयी रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारा. आधार कार्ड, रेशन कार्ड आणि जुने सर्व कागद एका पिशवीत ठेवा.

त्या भगिनीला आम्ही एवढेच सांगितले, "ताई, गादीचे पैसे राहू द्या. उद्याच भावाला घेऊन निघा." वस्तीत असा कुणी रुग्ण असेल, तर त्याच्यासोबत एक जाणता माणूस पाठवणे, ही आपल्या सगळ्यांची जबाबदारी आहे.