आठ ज्यूलची बंदूक

चि. निखिल यास,


तुझा लांबलचक मेसेज वाचला. फोनवर उरकण्यासारखा विषय नाही, म्हणून कागद घेतला. तू तीन एअरगनची चित्रं पाठवलीस आणि प्रत्येकीखाली एकच गोष्ट लिहिलीस: छर्रा सेकंदाला किती फूट जातो. हजार फूटवाली तुझ्या मनात भरलीय, हे न सांगता कळलं. माझं मत आधीच सांगतो. तिघींतली सगळ्यात कमी जोराची घे. आणि घरी तिच्यावर जे काही काम करशील ते जोर वाढवायला नको, तिच्यातला खडखडाट काढायला कर.

ऊर्जेचा हिशेब तुला आयटीआयमध्ये शिकवलेलाच आहे, निम्मं वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. शिशाचा नेहमीचा 4.5 मिमीचा छर्रा 8.4 ग्रेनचा, म्हणजे साधारण 0.54 ग्रॅम. तो सेकंदाला 180 मीटरने सुटला तर 9 ज्यूलच्या आसपास, 270 मीटरने सुटला तर जवळजवळ 20. जाहिरातीतले हजार फूट म्हणजे 305 मीटर. शिशाच्या या छऱ्याने तो वेग खरंच गाठला तर 25 ज्यूल होतात आणि बंदुकीला परवाना लागतो. 2016 च्या शस्त्र नियमांत एअर रायफलला सूट आहे ती 20 ज्यूल आणि 4.5 मिमीपर्यंतच. म्हणजे तो आकडा एक तर हलक्या मिश्रधातूच्या छऱ्यावर मोजलेला आहे, नाही तर फुगवलेला. दोन्हींत तुझा काही फायदा नाही.

आता दुसरी बाजू बघ. 10 मीटर एअर रायफल 1984 पासून ऑलिंपिकमध्ये आहे. तिथल्या रायफली आता दाबलेल्या हवेच्या असतात आणि किंमत लाखांत जाते, पण जोर जेमतेम आठ ज्यूल. तेवढ्यावर ती मंडळी अर्ध्या मिलिमीटरच्या ठिपक्यावर नेम धरतात. आपल्याच जिल्ह्यात पनवेलला नेमबाजी शिकवणाऱ्या सुमा शिरूर यांनी 2004 साली क्वालालंपूरला 400 पैकी 400 गुण मिळवले. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील 2022 मध्ये कैरोला जगज्जेता झाला. स्प्रिंगच्या जमान्यात स्पर्धा गाजवणारी जर्मनीची फाइनवेर्कबाऊ 300 सुद्धा सात-आठ ज्यूलचीच होती. जोराने नेम लागत असता तर या लोकांनी तो कधीच वाढवला असता.

स्प्रिंगच्या बंदुकीत तर जोर हा नेमाचा वैरीच. चाप ओढलास की पिस्टन पुढे झेपावतो, बंदूक आधी मागे ढकलली जाते, मग पिस्टन टोकाशी थांबतो तशी पुढे हिसकते, आणि हे सगळं चालू असताना छर्रा अजून नळीतच असतो. स्प्रिंग जितकी दांडगी, तितका हिसका मोठा. म्हणूनच स्वस्तातली दुर्बीण अशा बंदुकीवर लवकर खिळखिळी होते. दुर्बिणीचे पैसे वाचव, माशी आणि खाच पुरे. त्या पैशांत चांगले छर्रे येतील. तीन-चार जातींचे घेऊन बघ, कारण प्रत्येक नळीची आवड वेगळी असते.

दुकानात कंपनीच्या नावापेक्षा बंदूक हातात घेऊन बघ. जुनी आयएचपी, एसडीबी किंवा प्रेसिहोल, कुठलीही असो, तपासायचं तेच. नळी पूर्ण मोडून स्प्रिंग अडकव, मग चापाला हात न लावता नळी अर्ध्यावर आणून सोड. ती आपल्या वजनाने खाली पडत असेल तर बिजागरीचा बोल्ट सैल आहे, जिथे सोडली तिथेच राहिली तर ठीक. मिटल्यावर नळी डावी-उजवीकडे हलवून बघ, सुताचाही खेळ नको. नळीच्या मागच्या तोंडाशी जी रबराची किंवा चामड्याची रिंग असते ती लोखंडाच्या किंचित वर आलेली असावी. दस्त्याच्या लाकडाची चमक बघून भुलू नकोस. आणि दुकानदाराने ओळखपत्राची प्रत मागितली तर मुकाट्याने दे, त्याला नोंद ठेवावी लागते. पावती पेटीतच ठेव, म्हणजे बस डेपोत किंवा दिघीच्या फेरीबोटीवर कुणी विचारलं तर शोधाशोध नको. बंदूक न्यायची ती पेटीत घालून आणि रिकामी. उघडी खांद्यावर टाकून जेट्टीवर फिरलास तर तुझी आई मला फोन करेल आणि मग मी तुला.

आता कामाचं. घरी आणल्या आणल्या खोलायला बसू नकोस. आधी पन्नासेक छर्रे मार. नळीत कारखान्याचं तेल आणि मळ असतो. तो काढायला महागड्या सळईची गरज नाही. दहा मिनिटांत जेट्टीवर मिळेल अशी जाड तंगूस घे, तिला सुती कापडाचा छोटा तुकडा बांध आणि मागच्या तोंडाकडून पुढे ओढून काढ. कापड स्वच्छ निघेपर्यंत ओढ. मग दस्त्याचे स्क्रू बघ. नेम आज इकडे, उद्या तिकडे जायला लागला की दहांतल्या आठ वेळा ढिला स्क्रू सापडतो, आणि लोक मात्र बंदुकीला बोल लावत बसतात. स्क्रूला सुटणारं, म्हणजे निळं लॉकटाइट लाव.

हवा गळते का हे बघायची एक सोपी युक्ती आहे. नळी जिथे मिटते त्या फटीवर पातळ टिश्यू पेपरची पट्टी ठेव आणि बार काढ. पट्टी फडफडली की रिंग खराब. मापाची नवी रिंग बसवलीस की निम्मं ट्यूनिंग तिथेच झालं. ही गोष्ट सोडून आधी स्प्रिंग बदलायला निघणारे मी कितीतरी पाहिले.

एवढं करूनही बार काढल्यावर तार झणझणल्यासारखा आवाज येत असेल तरच बंदूक खोल. झणझणाट येतो स्प्रिंग आतल्या गाइडवर सैल बसल्यामुळे. पण हे नीट ऐक: स्प्रिंग आत दाबूनच बसवलेली असते. मागची पिन काढलीस की ती मागचा ठोकळा घेऊन तोंडावर येते. गुडघ्यात धरून, मित्राला दाबायला सांगून, असले उद्योग नकोत. सुताराचा लांब शिकंजा घे किंवा जाड फळीवर आट्याचा रॉड लावून स्वतः एक बनव, तू फिटर आहेस. शिकंज्यात दाब धरून पिन काढायची आणि मग आटे उलटे फिरवत हळूहळू सोडायचं.

सगळं बाहेर आलं की रॉकेलने धू. सिलिंडरला चाप आणि नळीच्या दांड्यासाठी ज्या खाचा कापलेल्या असतात त्यांच्या कडांवरून बोट फिरव, जपून. स्वस्त बंदुकीत तिथे बर हमखास राहिलेली असते आणि पिस्टनचा वायसर घालताना त्या कडा त्याला ब्लेडसारख्या कापतात. बारीक कानशीने आणि मग पॉलिश पेपरने त्या मार. स्प्रिंगची टोकं सपाट आणि गुळगुळीत कर. लेथवर गाइड नायलॉनचा वळून घे, स्प्रिंग त्यावर हाताने जरा जोर लावून चढली पाहिजे. पिस्टनच्या मागच्या भागाला मोलीची, म्हणजे मॉलिब्डेनमची पेस्ट पुसटशी, स्प्रिंगला चिकट जाड ग्रीस पातळ थराने. बस. सिलिंडरच्या पुढच्या भागात ग्रीस नको, तेल तर नकोच.

तेलाचं कारण तुला लगेच पटेल. होडीचं इंजिन ठिणगीशिवाय चालतं, दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच डिझेल पेटतं. सिलिंडरमध्ये तू खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल ओतलंस तर पिस्टनपुढे तेच होतं. धूर, मोठा आवाज, वेग वाढल्याचा आनंद, आणि काही दिवसांत जळलेला वायसर नि तुटलेली स्प्रिंग. चामड्याचा वायसर असेल तर मात्र तो मऊ राहण्यापुरतं तेल लागतं, तेही थेंबानेच. छर्रा न घालता चापही ओढायचा नाही, पिस्टनला हवेची गादी मिळत नाही.

जाड स्प्रिंग घालून देणारे कारागीर भेटतील. त्यांनी 20 ज्यूल ओलांडले तर कायदा तुला विचारेल, त्यांना नाही. चांगलं काम झालेल्या बंदुकीचा वेग कधी कधी थोडा कमीही होतो. पण तो दर बाराला सारखा राहतो आणि 10 मीटरवर पाच छर्रे एकमेकांजवळ पडतात. परीक्षा ती.

खारी हवा विसरू नकोस. घामाचा हात लागलेलं लोखंड आगरदांड्याला पावसाळ्यात दोन दिवसांत तांबूस होतं. प्रत्येक वेळी तेलाच्या फडक्याने पूस आणि कापडी पिशवीत बंद करून ठेवू नकोस, ओल आतच राहते.

छर्रा घालताना एका हाताने नळी पक्की धरलेली असलीच पाहिजे. खटका निसटून नळी मिटली तर बोट जातं. निशाण्यामागे वाळूने भरलेलं पोतं हवं, नुसती फळी नको, आणि डोळ्याला चष्मा हवा. खाडीच्या दिशेने कधीही नाही. पाण्यावर छर्रा टप्पा घेऊन उडतो आणि पुढे होडीत कोण बसलंय ते तुला दिसत नाही. शिशाला हात लागतो, तेव्हा जेवायच्या आधी साबणाने धू.

शेवटचा मुद्दा वाडीतल्या वानरांचा, कारण मेसेजच्या तळाशी तू तो हळूच घातला आहेस. नारळ-आंब्याचं नुकसान मला कळतं. पण 1972 च्या वन्यजीव कायद्यात जखमी करणं हीसुद्धा शिकारच, आणि 4.5 मिमीचा छर्रा वानराला मारत नाही, आठवडाभर कुजवतो. टोळी परत येतेच. बगळा, कुदळ्या, शेकरू यांच्याबाबतही तेच. जवळचं फणसाड हे जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान होतं. 1986 पासून ते अभयारण्य आहे. नवाबांची शिकार संपली तिथे तुझी सुरू व्हायला नको. वानरांसाठीच बंदूक हवी असेल तर घेऊ नकोस, आणि पैसे आईकडे दे.

कागदावर मारायची असेल तर जरूर घे. पहिला डबा संपला की पाच छऱ्यांचा एक कागद मला पोस्टाने पाठव, अंतर आणि छऱ्याचं नाव मागे लिहून. छर्रे बोटाच्या पेरात बसत असतील तर पनवेलच्या नेमबाजी केंद्रात चौकशीला मी तुझ्याबरोबर येतो.

तुझा,
मामा