राशोलची सेमिनरी आणि लोकांची भाषा

शास्त्रवाचन : प्रेषितांची कृत्ये २:१-१२, १ करिंथ १४:६-१९



धर्मगुरूच्या शिक्षणात लोकभाषेचे स्थान कोणते असावे? वरील दोन्ही उतारे हाच प्रश्न आपल्यापुढे ठेवतात. पन्नासाव्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या भाषेत देवाची महत्कृत्ये ऐकली; आणि मंडळीला न समजणाऱ्या हजारो शब्दांपेक्षा समजणारे पाच शब्द पौलाला अधिक मोलाचे वाटले. या वचनांच्या प्रकाशात गोव्यातील राशोल, म्हणजेच जुने रायतूर, येथील सेमिनरीचा इतिहास आपण अभ्यासू.

१. पेरणी
साष्टी महालात येशूसंघीयांनी राशोल येथे विद्यालयाच्या इमारतीची पायाभरणी १ नोव्हेंबर १६०६ रोजी केली. तो सर्व संतांचा सण होता, म्हणून विद्यालयाला त्यांचेच नाव मिळाले. त्याच वर्षी गोव्याच्या प्रांतिक धर्मपरिषदेने ठरविले, की लोकांची भाषा न जाणणाऱ्या धर्मगुरूकडे धर्मग्राम सोपवू नये. या निर्णयाचा आशय ध्यानात घ्या. मेंढरांनी मेंढपाळाची भाषा शिकावी असे परिषद म्हणाली नाही. शिकण्याचे ओझे तिने मेंढपाळावर ठेवले.

२. पीक
फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय १५७९ मध्ये गोव्यात आले व १६१९ मध्ये मरेपर्यंत येथेच राहिले. जुनी पुराणे सुटलेल्या नवख्रिस्ती लोकांना त्यांच्या जागी काहीतरी हवे होते. ही भूक ओळखून त्यांनी मराठी ओव्यांत ‘ख्रिस्तपुराण’ रचले. सुमारे ११,००० ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ मध्ये राशोलच्याच विद्यालयात छापला गेला. नागरी खिळे उपलब्ध नव्हते, म्हणून लिपी रोमन होती. त्यांचे कोंकणी व्याकरणही त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये, तेथेच छापले गेले.

३. दुष्काळ
पुढे वारा फिरला. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला, की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी, आणि धर्मगुरूंनी मुलांना त्याच भाषेत शिकवावे. १६०६ चा निर्णय जणू उलटा झाला. ‘ख्रिस्तपुराणा’च्या १६१६, १६४९ व १६५४ अशा तीन आवृत्त्या निघाल्या होत्या, आज त्यांची एकही छापील प्रत हाती नाही. ग्रंथ तरला तो हस्तलिखितांमुळे. साध्या भाविकांनी तो नकलून घेतला, वाचला, जपला. अखेर १९०७ मध्ये मंगळूर येथे तो पुन्हा छापला गेला.

४. नवी पालवी
१७५९ मध्ये येशूसंघीयांना हद्दपार करण्यात आले. १७६२ मध्ये त्या वास्तूत धर्मप्रांताची सेमिनरी सुरू झाली आणि आजही तेथे धर्मगुरू घडतात. तेथेच शिकलेले मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांनी १८९३ मध्ये कोंकणी-पोर्तुगीज शब्दकोश प्रसिद्ध केला. मातृभाषेची उपेक्षा होत असता सेमिनरीच्याच एका पुत्राने तिचे शब्द वेचून ठेवले. पुढे १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषेला द्वार उघडले.

बोध
बायबलच्या भाषांतराचे काम करताना एक गोष्ट पुनःपुन्हा प्रत्ययास येते : शब्द अचूक असूनही परका राहू शकतो. तो आपला व्हावा यासाठी बोलणाऱ्याला ऐकणाऱ्याच्या ओसरीवर जाऊन बसावे लागते. स्टीफन्स तसे बसले.

वाचकहो, आपण रायपुरात असा की रत्नागिरीत, ही जबाबदारी केवळ सेमिनरीची नाही. रायपूरच्या मराठी घरातील मुले शाळेत हिंदी वा इंग्रजी शिकतात. घरची प्रार्थना कोणत्या भाषेत व्हावी हे मात्र आईवडीलच ठरवितात. राशोलचा छापखाना थांबला तेव्हा घरांनी ग्रंथ राखला, हे आपण विसरू नये.

मननासाठी प्रश्न
१. आपल्या मंडळीत कोणाला उपदेश समजत नाही? त्यांना कोणी विचारले आहे काय?
२. आपल्या घरी शास्त्रवाचन कोणत्या भाषेत होते, आणि ते सर्वांच्या अंतःकरणापर्यंत पोहोचते काय?