बालकांची स्थूलता : जबाबदार कोण?

अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ ची. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. अशा या वऱ्हाडात, अमरावती-अकोल्यातही, आज मुलांच्या स्थूलतेचा विचार करावा लागतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील पाच वर्षांखालील अतिवजनी बालके २०१५-१६ मध्ये २.१ टक्के होती. २०१९-२१ मध्ये ती ३.४ टक्के झाली.

दोष मुलाच्या जिभेचा काय? वेफर्सचा पुडा घरी आणतात पालक. खेळाचा तास गणिताला देते शाळा. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरांत अतिगोड, खारट, तेलकट पदार्थ विकण्यास २०२० च्या नियमांनी मनाई आहे. ती पाळवून घेणे शासनाचे काम. मूल मिळेल ते खाते. म्हणून जाब प्रथम मोठ्यांनीच द्यावा.