जुनें घर विकून नवें घर घेतांना कुटुंबाची काटकसर

घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून, अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. या दोन्ही प्रसंगीं खर्चाचा अंदाज चुकतो व चुकल्यावर मागें फिरतां येत नाहीं, असा तिचा रोख आहे. अलीकडे या दोहोंत तिसऱ्या प्रसंगाची भर पडली आहे. मुलांच्या शिक्षणासाठीं, वृद्धांच्या औषधोपचारासाठीं, अथवा भाऊ विभक्त झाल्यामुळें, गांवठाणांतील वडिलार्जित घर विकून तालुक्याच्या गांवीं घर घेण्याची वेळ अनेक शेतकरी कुटुंबांवर येते. शेत गांवींच राहतें, बिऱ्हाड मात्र हालतें. जुन्या घराची किंमत चांगली येऊनहि कुटुंब या व्यवहारांत कर्जबाजारी कसें होतें, आणि तें टाळण्यास काय करावें, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

विकलेल्या घराचा पैसा हें उत्पन्न नव्हे

उसाचें बिल किंवा कांद्याची पट्टी हातीं आली म्हणजे तींतून उधारी फेडावी, बियाणें आणावें, कांहीं घरखर्चास ठेवावें, ही आपली रीत आहे व ती योग्यहि आहे. कारण तें वर्षाचें उत्पन्न आहे. घरविक्रीचा पैसा मात्र उत्पन्न नव्हे. तो म्हणजे रुपयांच्या रूपांत उभें असलेलें घरच होय. नव्या घराचें खरेदीखत नोंदलें जाईपर्यंत त्यांतून काढलेला प्रत्येक रुपया हा भिंतींतून काढलेल्या विटेसारखा आहे. ही गोष्ट कुटुंबांतील लहानथोर सर्वांच्या मनांत ठसली, तर पुढील बहुतेक सूचना सांगाव्याहि लागणार नाहींत.

उदाहरणादाखल असें धरूं कीं, एका कुटुंबास जुन्या घराचे १४ लाख रुपये आले व नव्या घराची किंमत २० लाख आहे. वरवर पाहतां तूट ६ लाखांची दिसते. परंतु मुद्रांक शुल्क अधिभारासह शेंकडा ६ धरल्यास १,२०,००० रुपये, नोंदणी फी शेंकडा १ प्रमाणें २०,००० रुपये, आणि वकिलाचा शोध, कर्जाची फी, सामानाची वाहतूक व किरकोळ दुरुस्ती मिळून ६०,००० रुपये, असा २ लाखांचा खर्च वर येतो. घरांत २ लाखांची शिल्लक असली तर ती यांत जाते व कर्ज ६ लाखांचें काढावें लागतें. शेंकडा ९ व्याजानें १५ वर्षांत तें फेडण्यास दरमहा सुमारें ६,०८६ रुपये पडतात.

आतां याच कुटुंबानें मध्यंतरींच्या काळांत लग्नकार्य, मोटारसायकल आणि नातलगास हातउसने यांत ३ लाख खर्च केले असें समजूं. कर्ज ९ लाखांचें होऊन हप्ता सुमारें ९,१२८ रुपयांवर जातो. हप्त्यांतील हा वाढावा १५ वर्षांत सुमारें ५,४७,७०० रुपये होतो. म्हणजे त्या ३ लाखांच्या खर्चापायीं साडेपांच लाखांजवळ रक्कम भरावी लागते. हा हिशेब घरांत सर्वांसमक्ष एकदां मांडून दाखवावा.

सहा महिने आधीं सराव

नोकरदाराचें वेतन दरमहा येतें व हप्ताहि दरमहा जातो. शेतकऱ्याचें तसें नाहीं. त्याचा पैसा हंगामास येतो. हप्ता मात्र पेरणीच्या महिन्यांतहि थांबत नाहीं. म्हणून घर पाहावयास निघण्यापूर्वीं निदान सहा महिने सराव करून पाहावा. भावी हप्त्याएवढी रक्कम ठरवून, ती दर महिन्याच्या ठराविक तारखेस निराळ्या खात्यांत टाकावी. जमल्यास सहा हप्ते गांठीं जमतात व तेच पुढें अवर्षणाच्या वर्षीं ढालीसारखे उपयोगी पडतात. न जमल्यास, कर्ज काढण्याआधींच आपलें बळ कळलें हाहि मोठाच लाभ होय. मग लहान घर पाहावें.

या सरावांत शहरवासाचा वाढता खर्च अवश्य धरावा. गांवीं दूध गोठ्यांतलें, भाजी बांधावरची व सरपण शेतांतलें असतें. शहरांत हीं सर्व विकत घ्यावीं लागतात. घरपट्टी, पाणीपट्टी, सदनिका असल्यास सोसायटीचा मासिक खर्च, आणि शेतावर जाण्यायेण्याचें इंधन हीं निराळींच. शिवाय धान्य सांठविण्यास व औजारें ठेवण्यास जागा कोठें, हा प्रश्न उरतो. यासाठीं गांवच्या घराचा एखादा खण किंवा शेतांतील शेड राखून ठेवणें पुष्कळदां फायद्याचें पडतें.

पीककर्जाचा पैसा घराकडे कदापि वळवूं नये. मुदतींत फेडलेलें ३ लाखांपर्यंतचें पीककर्ज सरकारी सवलतीमुळें शेंकडा ४ व्याजानें पडतें. तें घरांत अडकून थकलें कीं सवलत जाते, पुढील हंगामाचें कर्ज अडतें आणि सावकाराचा उंबरठा चढावा लागतो.

जुनें घर विकतांना

पहिलें काम कागद नीट करण्याचें. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा हा कर आकारणीचा दाखला आहे; तेवढ्यानें मालकी सिद्ध होत नाहीं. गांवठाणांतील घरांस मोजणी करून मालमत्ता पत्रक देण्याची स्वामित्व योजना केंद्र सरकारनें २४ एप्रिल २०२० रोजीं सुरू केली. आपल्या गांवीं ही मोजणी झाली असल्यास पत्रक आधीं मिळवावें व त्यांतील नांवें आणि क्षेत्र तपासावें. कागद पुरे असलेल्या घरास गिऱ्हाईक बँकेचें कर्ज काढूं शकतें, व म्हणून भावहि बरा देतें.

दुसरें, वारसांच्या सह्या. हिंदु उत्तराधिकार कायद्यांत २००५ सालीं झालेल्या दुरुस्तीनें मुलींस वडिलार्जित मिळकतींत मुलांबरोबरीचा जन्मसिद्ध हक्क मिळाला, आणि त्या तारखेस वडील हयात असण्याची जरूर नाहीं असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं दिला. सासरीं गेलेल्या बहिणीस न विचारतां केलेला व्यवहार ऐन वेळीं अडतो, विसार परत करावा लागतो, व दाव्याचा खर्च येतो तो निराळाच. तिचा वांटा आधींच ठरवून, तो वजा जातां उरेल तीच आपली रक्कम धरावी. नात्याच्या दृष्टीनें हें योग्य आहेच, पण हिशेबाच्या दृष्टीनेंहि स्वस्त आहे.

तिसरें, घराची किंमत नुसती जागेवर ठरवूं नये. जुन्या घरांतील सागवानी खांब, तुळया, दारें, घडीव दगड यांस स्वतंत्र किंमत असते. गिऱ्हाईक घर पाडून नवें बांधणार असेल, तर लांकूडकामाचा भाव निराळा काढून घ्यावा व लांकूड कोणाचें हें विसारपावतींतच लिहावें. उलटपक्षीं, विकावयाच्या घरावर मोठी दुरुस्ती करूं नये. गळकें छप्पर शाकारणें, चुना लावणें, अंगण साफ करणें, इतकें पुरे.

मधला काळ

विक्री आणि खरेदी यांच्या मधला काळ हाच धोक्याचा. आधीं खरेदी केली तर दोन घरांचा बोजा एकदम पडतो, व घाईनें जुनें घर कमी भावांत जातें. आधीं विकलें तर भाड्यानें राहावें लागतें व पैसा गळूं लागतो. मध्यम मार्ग असा कीं, जुन्या घराचा विसार घेऊन मुदत ठरवावी, त्या मुदतींत नवें घर निश्चित करावें, आणि दोन्ही खरेदीखतें शक्य तितक्या जवळच्या तारखांस व्हावींत. ताबा देण्याची तारीख विसारपावतींत स्पष्ट असावी. पूर्ण पैसे पोंचल्यावांचून ताबा देऊं नये.

विक्रीची रक्कम आली कीं तिच्यासाठीं निराळें खातें उघडावें व तें निदान दोघांच्या सहीनें चालावें. एक सही घरच्या कर्त्या स्त्रीची असणें इष्ट. दैनंदिन खर्चास त्या खात्यास हात लावूं नये. रक्कम आली हें कळतांच उसनवारी मागणारे येतात. अशा वेळीं नाहीं म्हणणें एकट्यास जड जातें. पैसा घराचा आहे व दुसऱ्या सहीवांचून निघत नाहीं, असें सांगणें सोपें जातें.

नवें घर घेतांना

१८७५ सालीं पुणें जिल्ह्यांत सुपें येथें शेतकऱ्यांचा दंगा झाला, तेव्हां लोकांचा मुख्य रोख सावकाराकडील खतें नष्ट करण्यावर होता. न वाचतां, न समजतां केलेले कागद हें त्या दुःखाचें एक मूळ होतें. म्हणूनच १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्यांत शेतकऱ्यांचे कागद ग्राम निबंधकासमोर व्हावेत अशी तरतूद आली. तो कायदा आतां उरला नाहीं. पण कागद अधिकाऱ्यासमोर व समजून करावा, हा धडा आजहि तसाच उभा आहे.

नुसतें साठेखत किंवा मुखत्यारपत्र यानें मालकी येत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं हें स्पष्ट केलें आहे. नोटरीपुढें केलेल्या कागदावर मिळणारा स्वस्त भूखंड हा म्हणूनच स्वस्त नसतो. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयांतील मागील ३० वर्षांचा शोध वकिलाकडून घ्यावा, व मिळकतीवर बँकेचा बोजा किंवा दावा आहे काय तें पाहावें. शोधाचे कांहीं हजार रुपये वांचविणें ही काटकसर नव्हे.

खऱ्या काटकसरीच्या जागा निराळ्या आहेत. महाराष्ट्रांत राहतें घर स्त्रीच्या नांवानें घेतल्यास २०२१ पासून मुद्रांक शुल्कांत शेंकडा १ सूट आहे. वरील उदाहरणांत ती २०,००० रुपये होते. नोंदणी फी शेंकडा १ असली तरी ३०,००० रुपयांहून अधिक नसते. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या तयार घरावर वस्तु व सेवा कर नाहीं. बांधकाम चालू असलेल्या सदनिकेवर तो पडतो. बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पांत, २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याप्रमाणें, करार नोंदविण्याआधीं विकासकानें शेंकडा १० हून अधिक रक्कम घेऊं नये. दर बोलतांना तो चटई क्षेत्रावर बोलावा. इतर क्षेत्रांच्या नांवाखालीं भिंतीबाहेरचीहि जागा मोजली जाते.

कराविषयीं एक गैरसमज

खेड्यांतील मिळकत विकली तर कर नाहीं, अशी समजूत रूढ आहे. ती ग्रामीण शेतजमिनीपुरतीच खरी आहे. घरास ती लागू नाहीं. चोवीस महिन्यांहून अधिक काळ मालकीचें असलेलें घर विकून झालेला नफा करपात्र आहे. मात्र विक्रीच्या आधीं एक वर्षांत किंवा नंतर दोन वर्षांत दुसरें घर घेतलें, अथवा तीन वर्षांत बांधलें, तर त्यांत गुंतलेल्या नफ्यावर सूट मिळते. हें नवें घर तीन वर्षांच्या आंत विकूं नये. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत खरेदी झाली नसेल, तर न गुंतलेला नफा बँकेंत भांडवली नफा खात्यांत ठेवावा लागतो, व तें खातें ग्रामीण शाखेंत उघडतां येत नाहीं. फार जुनें वडिलार्जित घर असल्यास १ एप्रिल २००१ रोजींची वाजवी किंमत, सरकारी मूल्यांकनाच्या मर्यादेंत, मूळ किंमत म्हणून धरतां येते. जुनें घर ज्याच्या नांवें, नवेंहि त्याच्या नांवें असावें, म्हणजे सुटीविषयीं वाद राहत नाहीं. स्त्रीच्या नांवें घर घेऊन शुल्क वांचवितांना ही गोष्ट आधीं जाणत्या करसल्लागारास विचारावी.

रोखीचा मोह तर टाळावाच. स्थावर मिळकतीच्या व्यवहारांत २०,००० रुपये किंवा अधिक रक्कम रोखीनें घेण्यास २०१५ पासून सामान्यतः मनाई आहे, आणि तेवढाच दंड होऊं शकतो. शिवाय कमी किंमत दाखविली तर बँकहि कर्ज कमी देते.

सारांश

बैठकीस घरांतील सर्व मिळवतीं व राबतीं माणसें असावींत, आणि जमाखर्चाची एकच वही सर्वांस पाहतां यावी. विक्रीचा पैसा निराळा ठेवावा, हप्त्याचा सराव आधीं करावा, बहिणीची सही प्रथम घ्यावी, कागद वाचून नोंदवावा, आणि पेरणीचा पैसा पेरणीसच राखावा. शेत पिकतें तोंवर घर पुन्हां होऊं शकतें. घराच्या कर्जापायीं शेत गेलें, तर पुढें दोन्हीहि राहत नाहींत.