एकरी टनेजचे उद्दिष्ट कसे मांडावे? पाच अक्षरांचा धडा



लागणीचे दिवस जवळ आले की गटवार सभांतून आम्ही विचारतो, "यंदा काय बेत?" उत्तर बहुधा ठरलेले असते, "यंदा ऊस जोरात आणायचा." एखादा म्हणतो, "शंभर टन काढतो साहेब, बघाच तुम्ही." हेतू उत्तमच आहे. परंतु 'जोरात' म्हणजे किती, आणि त्यासाठी या महिन्यात कोणी काय करायचे, असे विचारले की बोलणे थांबते. याचे कारण असे की, ही इच्छा झाली, उद्दिष्ट नव्हे. इच्छेचे उद्दिष्ट कसे करावे यावर उद्योगधंद्यात बराच विचार झालेला आहे. त्यातील उसाच्या शेतीला लागू पडेल तेवढा भाग येथे देत आहोत.

१. ही पद्धत आली कोठून?

व्यवस्थापनशास्त्रातील नामवंत लेखक पीटर ड्रकर यांनी १९५४ साली, उद्दिष्टे ठरवून त्यानुसार कारभार करावा, हा विचार आपल्या ग्रंथात मांडला. पुढे कंपन्यांतून उद्दिष्टांचे कागद तयार होऊ लागले, पण पुष्कळ कागद मोघम असत. नोव्हेंबर १९८१ मध्ये जॉर्ज डोरन या अमेरिकन गृहस्थांनी 'मॅनेजमेंट रिव्ह्यू' मासिकात एक छोटा लेख लिहिला. ते एका वीज कंपनीत नियोजनाचे काम केलेले अनुभवी अधिकारी होते. उद्दिष्ट तपासण्यासाठी त्यांनी पाच कसोट्या सांगितल्या आणि त्यांच्या आद्याक्षरांचा 'स्मार्ट' असा शब्द केला. स्पेसिफिक, मेझरेबल, असाइनेबल, रिअॅलिस्टिक आणि टाइम-रिलेटेड असे ते पाच शब्द.

इंग्रजी शब्द लक्षात ठेवण्याची गरज नाही. आपण त्यांचे पाच 'क' करू: काय, किती, कोण, कशाच्या जोरावर आणि केव्हा. या पाचही प्रश्नांना उत्तर असेल तर ते उद्दिष्ट.

२. नुसता आकडा ठरवल्याने फरक पडतो काय?

पडतो. अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात लाकडाचे ओंडके वाहणाऱ्या ट्रकांचा एक अभ्यास लॅथम आणि बाल्डीस यांनी १९७५ साली प्रसिद्ध केला. आपल्याकडे ऊस वाहतूक करणाऱ्यांना तो चटकन समजेल. कायद्याने जेवढे वजन भरता येते त्याच्या सुमारे ६० टक्केच माल तेथील ट्रकांत भरला जात होता. "होईल तेवढे जास्त भरा" असे सांगून काही उपयोग होत नव्हता. मग मर्यादेच्या ९४ टक्के असे निश्चित उद्दिष्ट दिले. ते गाठले नाही म्हणून कोणाला शिक्षा नव्हती आणि गाठले म्हणून जादा पैसेही नव्हते. पहिल्या महिन्यात भरणा ८० टक्क्यांवर गेला. दुसऱ्या महिन्यात तो ७० पर्यंत घसरला. तिसऱ्या महिन्यात मात्र ९० च्या वर गेला आणि तेथेच टिकला. माणसे तीच, ट्रक तेच. बदलला तो फक्त 'होईल तेवढे' हा शब्द. आकडा मर्यादेच्या आतला होता, हेही ध्यानात घ्यावे.

३. दहा फुटांचा हिशोब

आता आपल्या शेतात येऊ. समजा, एका सभासदाला गेल्या खेपेस पूर्वहंगामी लागणीत एकरी ४२ टन मिळाले आणि यंदा ५० टनांचा मानस आहे. ८ टन ऐकायला मोठे वाटतात. पण ते मोजायचे कसे? गव्हाणीत मोळी पडेपर्यंत थांबलो तर उशीर झालेला असतो. म्हणून टनाचे माप आधी शेतातल्या मापात आणावे.

एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. सरी साडेचार फुटांची असेल तर एकरात सरीची एकूण लांबी ९,६८० फूट भरते; म्हणजे दहा-दहा फुटांचे ९६८ तुकडे. गाळपालायक उसाचे सरासरी वजन १ किलो ४०० ग्रॅम धरले, तर ४२ टनांना ३०,००० ऊस लागतात आणि ५० टनांना सुमारे ३६,०००. दहा फुटांत पहिल्या हिशोबाने ३१ ऊस येतात, दुसऱ्याने ३७.

बघा, ८ टनांचे गाठोडे सोडले तर आत निघाले दहा फुटांत सहा ऊस! हे सहा ऊस नांग्या वेळेवर भरून आणि फुटवे जगवून मिळतात. सरीचे अंतर वेगळे असेल तर हिशोब त्याप्रमाणे करावा. गट कार्यालयातील आमचे कर्मचारी करून देतील.

४. 'कोण' हा सर्वांत महत्त्वाचा

डोरन यांच्या मूळ लेखात 'ए' म्हणजे असाइनेबल, अर्थात काम कोणाच्या नावावर आहे. पुढे अनेक ठिकाणी त्याच अक्षराचा अर्थ 'साध्य होण्याजोगे' असा शिकवू लागले. तसे केले की ते आणि चौथे अक्षर जवळपास एकच होतात आणि माणूस मधल्यामधे गळतो. आमच्या मते शेतीत नेमके हेच नुकसान होते.

खत कधी घालायचे हे घरात सर्वांना ठाऊक असते. थोरल्याला वाटते धाकटा आणील, धाकट्याला वाटते वाटेकऱ्याने सांगावे, आणि वाटेकरी मालकाची वाट बघत बसतो. सहा ते आठ आठवड्यांचा नत्राचा हप्ता दहाव्या आठवड्यावर जातो. शिफारशीनुसार एकूण नत्राच्या ४० टक्के भाग याच हप्त्यात द्यावयाचा असतो आणि फुटव्याचे वयही हेच. म्हणून प्रत्येक कामापुढे एकाच माणसाचे नाव असावे. दोन नावे लिहिली की एकही नाही असे समजावे. घरातील भगिनी भांगलण, मजूर आणि नांग्यांची रोपे सांभाळतात. त्यांचे नावही कागदावर यावे.

५. कशाच्या जोरावर?

उन्हाळ्यात विहीर किती तास चालते, हातात भांडवल किती, माती परीक्षण काय सांगते, हे पाहूनच आकडा ठरवावा. शेजाऱ्याने ८० टन काढले म्हणून आपणही तोच आकडा धरला, तर माणूस खत आणि पाणी वाढवीत सुटतो. जादा पाण्याने जमिनी क्षारपड झाल्याचे आपल्या ऊस पट्ट्यातील लोकांना नव्याने सांगायला नको. टन वाढले आणि शिल्लक घटली, तर असे उद्दिष्ट घरात भांडण लावते. तेव्हा टनाच्या आकड्याशेजारी खर्चाचाही आकडा लिहावा.

सर्व गोष्टी आकड्यांत बसत नाहीत, हे खुद्द डोरन यांनीही मान्य केले होते. प्रत्येक उद्दिष्टाला पाचही कसोट्या लागतीलच असा त्यांचा आग्रह नव्हता. पाचट न जाळता सरीत ठेवणे, पुढच्या पिढीसाठी जमीन राखणे, ही कामे दर महिन्याला मोजता येत नाहीत. म्हणून ती सोडावीत असे नव्हे.

अशीच 'ग्रो' नावाची आणखी एक चार अक्षरी रीत जॉन व्हिटमोर यांच्या १९९२ च्या पुस्तकामुळे प्रसिद्ध झाली: ध्येय काय, आज स्थिती काय, पर्याय कोणते, आणि नक्की करणार काय? आम्हा शेती खात्याच्या लोकांना ती जास्त उपयोगी आहे, कारण त्यात उपदेश कमी आणि विचारणे जास्त.

६. कागदाचा नमुना

काय : विहिरीखालचा एक एकर, पूर्वहंगामी लागण, को ८६०३२.
किती : ५० टन, दहा फुटांत ३७ ऊस. खर्चाची मर्यादा घरात बसून ठरवावी.
कशाच्या जोरावर : विहिरीचे पाणी, माती परीक्षण अहवाल, निरोगी बेणे.
कोण आणि केव्हा :
लागण – २० ऑक्टोबर – स्वतः.
नांग्या भरणे – २० नोव्हेंबरच्या आत – घरधनीण.
नत्राचा दुसरा हप्ता – १ ते १५ डिसेंबर – धाकटा भाऊ.
मोठी बांधणी – १५ एप्रिलच्या आत – वाटेकरी.
ऊस मोजणी, दहा ठिकाणी – जूनचा पहिला आठवडा – मुलगा किंवा मुलगी.

मोजणीत ३७ ऐवजी ३३ ऊस भरले तर नाराज होऊ नये. कोणत्या तारखेला काम चुकले ते कागदावर लगेच सापडेल आणि तो धडा खोडव्याला कामी येईल. कागदच नसेल, तर सगळा दोष पावसावर जातो आणि पुढच्या वर्षी तेच घडते.

अक्षरांनी ऊस वाढत नाही, तो कामाने वाढतो. पण ते काम कोणाचे आणि कधीचे, हे ही अक्षरे विचारतात. सर्व सभासदांनी यंदा निदान एका एकराचा असा कागद करावा, घरात सर्वांना वाचून दाखवावा आणि लागणीची नोंद देताना सोबत आणावा, ही विनंती.

जय सहकार!

– ऊस विकास अधिकारी