भाजणी डब्यातच राहू दे

चि. भाचीस,



परवा तुझ्या आईचा फोन आला. रविवारी म्हणे बाईसाहेब पहाटेच उठल्या, माळ्यावरचे डबे उतरवून घासले, चकलीची भाजणी भाजली, वर संध्याकाळी पाहुण्यांना सोडायला स्टँडपर्यंत गेल्या. आणि सोमवारी केस विंचरायला हात वर जाईना. मंगळवारीही तेच. केमो संपून पाच महिने झाले, रिपोर्ट चांगले आहेत, मग हे काय, असा तिचा प्रश्न. तुझाही तोच असणार.

हे काय, ते तुझ्या मावशीला पक्कं ठाऊक आहे. १२ वर्षांपूर्वी ती याच वाटेने गेली. तेव्हा एका डॉक्टरांनी ‘वयानुसार होतं असं’ म्हणून पुढचा केसपेपर ओढला होता. मावशीचं वय होतं ४८! तो राग अजून गेलेला नाही, हे पत्र थोडं त्या रागातूनही लिहिलं जातंय.

दिवसभर शेतात राबलेला माणूस रात्री गाढ झोपला की सकाळी ताजा होतो. कर्करोगानंतरचा थकवा तसा झोपेने उतरत नाही, आणि केलेल्या कामाशी त्याचं प्रमाणही जुळत नाही. म्हणून तर घरच्यांना ते सोंग वाटतं. त्यात केस परत आलेले, चेहरा टवटवीत, म्हणजे ‘आता काय झालंय हिला’ म्हणायला सगळे मोकळे. कारणं पाहावीत तर चार-पाच एकदम हात धरून आलेली असतात. केमोने तांबड्या पेशी घटतात, आणि रक्त भरून यायला आठवडे, कधी महिनेही जातात. शरीरात दाह धुमसत राहतो. पडून राहिल्याने मांड्या-दंडांचे स्नायू झडतात, झोप उडालेली असते आणि पुढच्या तपासणीची धास्ती असतेच. यातलं कुठलं कारण कोणत्या दिवशी डोकं वर काढेल, ते सांगता येत नाही.

केमोच्या दिवसांत तर आणखी गंमत होती. सलाईनबरोबर दिलेल्या स्टेरॉईडने अंगात वारं संचारायचं. मावशी रात्री एकला कपाट आवरत बसायची आणि तिसऱ्या दिवशी भुईसपाट व्हायची. ती शक्ती उसनी होती. तुझी आता स्वतःची आहे, पण तुटपुंजी आहे.

आपल्याकडे नळाला पाणी आलं की हंडे, कळशा, बादल्या, हाताला लागेल ते भांडं भरून ठेवायची सवय. अंगात शक्ती आली की बाया तेच करतात. उद्या असेल-नसेल, आजच उरकून घ्या! पण ही शक्ती भरून ठेवता येत नाही, आणि टाकीचा तळ खरवडला की पुढचे दोन दिवस थेंब नाही. वाईट दिवसाची काळजी करायला नको, त्या दिवशी माणूस पडूनच असतो. पथ्य लागतं ते चांगल्या दिवसाला.

शक्ती परत यायलाही वेळ लागतो. तुझा लाडका क्रिकेटपटू युवराज सिंग घे. मार्च २०१२ मध्ये त्याची केमो संपली आणि ११ सप्टेंबरला चेन्नईत न्यूझीलंडविरुद्ध त्याने २६ चेंडूंत ३४ धावा केल्या. सगळ्यांच्या लक्षात राहिलं ते हे. पुढे तो संघाबाहेर गेला आणि २०१३ मध्ये आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानबरोबर फ्रान्सला जाऊन शरीर नव्याने घडवत बसला, ते फार कोणी सांगत नाही. एकदिवसीय सामन्यातली त्याची सर्वोच्च खेळी, कटकमधले १५०, आली जानेवारी २०१७ मध्ये. म्हणजे जवळजवळ पाच वर्षांनी. आणि तो तर व्यवसायानेच खेळाडू!

एक वही कर. रोज सकाळ-संध्याकाळ थकव्याला ० ते १० मध्ये आकडा दे, शेजारी त्या दिवशी काय केलंस ते एका ओळीत. दोन-तीन आठवड्यांत काहीतरी नक्षी दिसू लागेल. आकडा ४ किंवा त्याहून वर राहत असेल तर वहीच डॉक्टरांपुढे ठेव आणि हिमोग्लोबिन, थायरॉईड तपासायला सांग. यावर इलाज असतो, सोसत बसू नकोस. धाप लागली, छातीत धडधडलं किंवा ताप १००.४ वर गेला तर मात्र वही बाजूला ठेव, त्याच रात्री डॉक्टरांना फोन कर.

आणि चाल. दमलेल्याला चालायला सांगणं क्रूर वाटतं, पण या थकव्यावर सर्वांत भरवशाचा उपाय तोच ठरलाय. अमेरिकेतल्या क्रीडावैद्यक तज्ज्ञांनी २०१९ मध्ये सांगितलं ते आठवड्यातून ३ वेळा ३० मिनिटं, निदान १२ आठवडे. मावशीने सुरुवात सोसायटीच्या फाटकापासून केली होती, जाऊन-येऊन ६ मिनिटं. बरं वाटलं म्हणून एका दिवशी तिने ४० मिनिटं चालून पाहिलं, त्याची शिक्षा पुढचे काही दिवस भोगली. दुपारची डुलकी अर्ध्या तासाच्या आत, नाहीतर रात्र डोळ्यांत जाते. अंघोळीला स्टूल घे, पोळ्या बसून कर, किंवा सरळ पोळीवाल्या बाई लाव. तुझी आजी यावर काय म्हणेल ते माहीत आहे. म्हणू दे.

शनिवारी मावशी येते आहे. भाजणी तोवर डब्यातच राहू दे. सोऱ्या ती फिरवेल, तळेल तुझा नवरा. तू खुर्चीत बसून किती चकल्या मोडल्या ते मोज.

तुझी,
मावशी